शांत वाऱ्याचे तास

१८ नोव्हेंबर, सोमवार

बॅटरी केंद्र आज सुरू झालं. साडेअकराला सरांना फोन आला. तो ठेवून ते माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "घ्या, तुमचं बाळ चालायला लागलं."

माझं बाळ म्हणजे माझा अहवाल. माळावर चोवीस कंटेनर, प्रत्येकात बॅटऱ्या गच्च भरलेल्या. दिवसा उन्हाची वीज साठवायची, संध्याकाळी ती शहराला द्यायची. अशा कुठल्याही यंत्रणेपासून आसपासच्या माणसांना काय अपाय होऊ शकतो ते शोधायचं, मोजायचं आणि लिहून द्यायचं, हे आमच्या कचेरीचं काम. हे केंद्र माझ्याकडे होतं. आठ महिने, एकशे बारा पानं. शेवटच्या पानावर रंगांचा तक्ता : हिरवा म्हणजे चालेल, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे नकोच. लाल चौकोन रिकामा आहे.

नकाशेवाल्याने पार्टी मागितली. (तो माझ्या शेजारी बसतो. नकाशे आणि हवामानाचे आकडे त्याच्याकडे.) म्हटलं, पंचवीस वर्षांनी देईन, काहीही न होता केंद्र बंद झालं की.

"तू ना, वाढदिवसालासुद्धा मेणबत्तीपासून पडदा किती लांब आहे ते बघत असशील."

बघते. त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

काल ताईकडे राहायला गेले होते. नवं घर. त्यांना तिथे येऊन महिना झाला, मला आत्ता सवड झाली. घर घेण्याआधी तिने फोन करून विचारलं होतं, "वर ते बॅटरीचं काहीतरी होतंय म्हणे, तिथे घेऊ ना?" मी तेव्हा अहवालाची शेवटची तपासणी करत होते. "घे" म्हणाले. एक शब्द.

वसाहत उतारावर आहे. वर माळ आणि माळाच्या कडेला केंद्र. खाली खोलगटात शाळा आणि शाळेचं मैदान. मध्ये घरं. पूर्वेला वेगळं टेकाड, त्यावर पाण्याची टाकी. हे सगळं मला नकाशावर पाठ आहे. पाहणीसाठी मी दोनदा आलेही होते. दोन्ही वेळा दुपारी. तेव्हा वाऱ्यापुढे हातातले कागद ठरत नव्हते.

जिना चढताना खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडून विचारलं, "काढली का हो अक्कलदाढ?" मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. ताईच्या तोंडात तीळ भिजत नाही. लहानपणी आईची शपथ घालून तिला सांगितलेली प्रत्येक गोष्ट संध्याकाळपर्यंत आईलाच कळलेली असायची. वर ताई म्हणायची, "आईची शपथ आईला सांगितली तर मोडत नाही."

आज सकाळी ६.४८ ला गॅलरीत उभी होते. समोर बेकरीचं धुराडं. त्यातून धूर निघाला, दोन पुरुष उंच चढला आणि थांबला. मग आडवा झाला. मग खाली उतरायला लागला – पाणी उतरतं तसा, घरांच्या मधल्या वाटांनी, शाळेकडे. मैदानात पोचला आणि तिथेच बसला. वीस मिनिटं घड्याळ लावून पाहिलं. हलला नाही.

भावोजी दात घासत मागे येऊन उभे राहिले. "हे रोजचं आहे. ऊन आलं की जातो."

"रोज?"

"थंडीत रोज. चिऊ म्हणते, शाळेने दुलई घेतली."

चिऊ म्हणजे ताईची मुलगी. पहिलीत आहे. त्याच शाळेत, सकाळी सात-दहाला भरते.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात सरांनी शिकवलं होतं : काही विपरीत दिसलं तर आधी वेळ लिहायची, मग घाबरायचं. वेळ लिहून ठेवली आहे.

२५ नोव्हेंबर, सोमवार

कोणी यायच्या आत कचेरीत गेले आणि वाऱ्याची मूळ फाइल उघडली.

वर्षाचे तास आठ हजार सातशे साठ. माझ्या गणितात वापरलेले सहा हजार नऊशे बारा. राहिलेले एक हजार आठशे अठ्ठेचाळीस गेले कुठे?

वगळले. माळावरच्या खांबावर वारा मोजायचं यंत्र आहे, त्याच्या वाट्या वाऱ्याने फिरतात. वारा अगदीच मंद असला की त्या फिरत नाहीत आणि यंत्र शून्य लिहितं. वायू किती पसरेल हे काढताना वाऱ्याच्या वेगाने भागावं लागतं, आणि शून्याने भागता येत नाही. म्हणून असे तास बाजूला काढतात. सगळीकडे काढतात. प्रोग्रामात त्यासाठी एक चौकट आहे आणि तिच्यात बरोबरची खूण आधीपासूनच केलेली असते. ती खूण काढायची असू शकते, हे मला आठ महिन्यांत एकदाही सुचलं नाही.

वगळलेल्यांपैकी एक हजार एकशे नव्वद तास पहाटे चार ते सकाळी आठ या वेळातले आहेत. म्हणजे माझ्या अहवालात त्या वसाहतीला पहाट जवळजवळ नाहीच.

पान ४१ वर वाक्य आहे : "शांत वाऱ्याचे तास प्रचलित पद्धतीनुसार वगळले आहेत." वाक्य माझं. अहवालाखाली सह्या तीन – माझी, नकाशेवाल्याची, सरांची.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

तीन दिवस तेच. तीन वेगवेगळ्या पद्धतींनी मोजलं. उत्तरं थोडी पुढेमागे येतात, पण धोक्याच्या तक्त्यातली रांग तीच राहते. सर्वांत वरची.

सरळ भाषेत लिहिते, म्हणजे मला स्वतःला फसवता येणार नाही. पहाटे वारा नसताना एका कंटेनरला आग लागली तर त्यातून जो वायू निघेल, तो थंड हवेबरोबर उतारावरून खाली जाईल. मैदानापर्यंत वीस मिनिटं. तिथे तो साचेल. हा वायू श्वासातून आत गेला की फुप्फुसं आतून भाजतात आणि त्यांत पाणी होतं. अहवालात मी मैदानावरचं प्रमाण दिलं आहे ते "नाकाला जाणवेल, अपाय नाही" या रांगेतलं. आजचा आकडा त्याच्या एकशे साठ पट.

पण सगळ्यात वाईट हे नाही. ते पान ८७ वर आहे. आपत्कालीन योजना.

"भोंगा वाजताच रहिवाशांनी शाळेच्या मैदानावर जमावे."

जागा मी निवडली. मोकळी, मोठी, आणि वारा नेहमी जिकडून येतो त्या बाजूची – म्हणजे वायू उलट दिशेला जाईल. वारा असेल तर. आता वसाहतीत कोपऱ्याकोपऱ्यावर हिरवे फलक लागले आहेत : एक धावणारा माणूस आणि शाळेकडे बाण. ताईच्या दारासमोरच एक आहे. चिऊला तो माणूस आवडतो. त्याच्यासारखा एक पाय उचलून ती फलकाखाली उभी राहते.

भोंगा वाजेल आणि आठशे माणसं शिस्तीत खाली जातील. मी सांगितलेल्या जागी.

जेवले नाही आज. नोंद म्हणून लिहिते.

२ डिसेंबर, सोमवार

सरांना सांगितलं. चार पानी टिपण, आलेख, बेकरीच्या धुराची वेळ. त्यांनी सगळं वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं.

"अहो, तुमचं काही चुकलेलं नाही. सगळे असंच करतात."

"म्हणूनच भीती वाटते सर."

"भीती हा शब्द टिपणात चालत नाही."

"मग कुठला चालतो?"

"'अधिक अभ्यासाची आवश्यकता.'" हे ते हसून म्हणाले. पण पेनाला टोपण लावताना ते त्यांना दोनदा बसेना.

सुधारित अहवाल मंजुरी देणाऱ्या समितीपुढे ठेवायचा. समितीची बैठक तेरा तारखेला. तोवर बाहेर एक शब्द नाही. मी म्हटलं, निदान फलक तरी बदलू. टेकाडावरची टाकी योग्य आहे, तिथे वायू चढणार नाही.

"फलक बदलला की लोक विचारणार, का बदलला. काय सांगाल? अर्धवट बोललात की केंद्र चालवणारी कंपनी म्हणेल, गोपनीय माहिती फोडली. मग तुमचं खरं असलं तरी कुणी वाचणार नाही. कागद घेऊन घरी बसाल."

सर वाईट माणूस नाहीत. मला बोलायला आणि लिहायला त्यांनीच शिकवलं. तेही घाबरले आहेत, एवढंच. फक्त त्यांना वेगळ्या गोष्टीची भीती वाटते.

जागेवर येऊन नकाशेवाल्याला दाखवलं. त्याने आलेख खालपर्यंत सरकवत नेला.

"मला वाटलं, शांत तास तू बघितले असशील."

"मला वाटलं, तू."

नंतर तो बाटलीत पाणी भरायला गेला आणि अर्धा तास आलाच नाही.

६ डिसेंबर, शुक्रवार

रोज सकाळी पावणेसातला ताईला फोन करते. पहिल्या दिवशी विचारलं, "बेकरीचा धूर कुठे जातोय?" ती म्हणाली, "तुला ताप आहे का?"

आता चिऊच फोन उचलते आणि हॅलोसुद्धा न म्हणता सांगते. "मावशी, आज झोपलाय." काल उठला होता. त्याआधी तीन दिवस झोपलेला.

वहीत रकाना केला आहे. झोपला, झोपला, झोपला, उठला, झोपला.

१० डिसेंबर, मंगळवार

समितीची बैठक तेराऐवजी वीस तारखेला. अध्यक्ष बाहेरगावी.

संध्याकाळी कागद घेऊन बसले. जोखीम मोजणं हाच माझा धंदा, तर आपलीही मोजून बघावी. चोवीस कंटेनरांच्या केंद्रात एखाद्याला आग लागायची शक्यता, आमच्या तक्त्याप्रमाणे, वर्षाला हजारात सात. बैठकीपर्यंत दहा पहाटा, शनिवार-रविवार शाळा नसते म्हणून ते सोडून मोजायचे दिवस आठ धरले. त्यातही पहाटेचेच चार तास. उत्तर आलं : साधारण चाळीस हजारांत एक.

इतकं थांबता येईल, असं लिहिलं आणि खाली रेघ मारली. गेल्या पंधरवड्यात पहिल्यांदा नीट जेवले.

१३ डिसेंबर, शुक्रवार

चाळीस हजारांत एक खोडलं.

दुपारी नव्हे, पहाटे केंद्र बघायचं ठरवलं. साडेसहाला फाटकाशी पोचले. फोरमनने आत घेतलं. जाडजूड माणूस, कानटोपी, बोलायची हौस. "मॅडम, तुमची माणसं येतात दुपारी आणि जातात फोटो काढून. पहाटे आलेल्या तुम्ही पहिल्या." मी म्हटलं, तीच तर चूक झाली. त्याला वाटलं मी गंमत करते आहे.

कंटेनरांच्या रांगांमधून चालत गेलो. हवा अगदी स्तब्ध. स्वतःचा श्वास बाहेर पडून समोरच तरंगत राहत होता. प्रत्येक कंटेनरावर वायू ओळखणारा एक डोळा असतो आणि त्याच्याशेजारी छोटा दिवा. अकरा नंबरच्या दिव्यावर चिकटपट्टी होती.

"हे काय?"

"ती होय? ती आमची सासूबाई. रोज पहाटे किरकिर, ऊन वर आलं की गप्प. डोकं उठवलं होतं पोरांचं. आवाज बंद केला."

"किती दिवस झाले?"

"दहा-बारा."

"बाकीचे तेवीस ओरडतात?"

"नाही बा."

"डोळा बिघडलेला असता तर तो दुपारीही ओरडला असता."

मी सावकाश सांगितलं. आतली एखादी बॅटरी थोडा थोडा वायू सोडते आहे. दिवसभर सोडतेच आहे. पण दिवसा वारा असतो, तो घेऊन जातो. पहाटे वारा नसतो, म्हणून तो इथेच राहतो आणि डोळ्याला दिसतो. सासूबाई खोटं बोलत नव्हत्या. असा बारीक स्राव हा आगीच्या आधीचा टप्पा असतो. कधी काही आठवडे आधीचा, कधी काही तासांचा.

त्याने कानटोपी काढली आणि पुन्हा घातली. "कंपनीचा माणूस मंगळवारी येतोय. तेव्हा उघडूनच बघू."

"तोवर अकरा नंबर बंद ठेवा."

"मला वरून लेखी लागतं मॅडम."

तिथेच उभ्याने लेखी दिलं. वेळ घातली, ७.०५. त्याने घडी करून खिशात ठेवलं. जाताना पाहिलं तर चिकटपट्टी तेवढी काढली होती. दिवा लाल.

सरांना फोन केला. "मी बोलतो कंपनीशी." चार वाजता परत केला. "ते म्हणतात, मंगळवारी बघतो. डोळाच खराब आहे म्हणतात."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी लेखी पाठवलंय. अहो, आपल्याला जेवढं करता येतं तेवढं आपण केलं."

नवा आकडा वहीत लिहिला नाही. काढता येत नाही म्हणून नाही.

१४ डिसेंबर, शनिवार

ताईकडे गेले. ती कपडे वाळत घालत होती. भावोजी आणि चिऊ बाहेर गेले होते. ठरवून तीच वेळ निवडली.

सगळं नाही सांगितलं. एवढंच सांगितलं : सकाळच्या वेळी भोंगा वाजला तर खाली मैदानात जायचं नाही. फलकावर काहीही असो. तिघांनी टाकीकडे पळायचं, तोंडाला ओला कपडा बांधून. दार लावायला थांबू नका. काही घ्यायला थांबू नका.

"पण फलकावर तर –"

"फलक चुकलाय."

"कुणी लावला?"

"मी."

ती चिमटे हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मग मला आत नेऊन बसवलं. चहा दिला. बशीवर कप वाजायला लागला तसा तिने तो माझ्या हातातून काढून घेतला. काही म्हणाली नाही. हे तिच्या बाबतीत नवीन होतं.

मी म्हटलं, कुणाला सांगायचं नाही. माझी नोकरी जाईल, आणि वर जे दुरुस्त करायचं चाललंय तेही बंद पडेल. आईची शपथ घे.

"घेतली."

आता इथे खरं लिहिते. ही वही दुसरं कोणी वाचत नाही.

ती शपथ पाळेल असं गृहीत धरून मी तिला सांगितलेलं नाही. ती पाळणार नाही असं धरून सांगितलं. मी जिना उतरेपर्यंत खालच्या बाईंना कळेल, संध्याकाळी जिन्यात, उद्या पाण्याच्या टाकीपाशी, परवा शाळेच्या फाटकाशी. नियम मी मोडलेला नसेल आणि वसाहतीला मात्र समजलेलं असेल. ताई गप्प राहायची शक्यता मी दहा टक्के धरली, तीही फार उदार होऊन. सत्तावीस वर्षांची माहिती हाताशी आहे. एवढी मोठी माहिती मला कुठल्याच यंत्रणेबद्दल कधी मिळालेली नाही.

ही हुशारी आहे की भित्रेपणा, ते आज ठरवत नाही.

१५ डिसेंबर, रविवार

सकाळी चिऊ : "झोपलाय."

ताईचा स्वतःहून फोन नाही. बरं चिन्ह आहे. अशा गोष्टी फोनवर फिरत नाहीत, जिन्यात फिरतात.

दुपारी न राहवून मीच केला. इकडचं तिकडचं बोलले. मग सहज विचारल्यासारखं, "खालच्या बाई काय म्हणतात?"

"काय म्हणणार? तुझी दाढ विचारत होत्या."

म्हणजे माझ्यापासूनही लपवते आहे, असं मी धरलं.

१६ डिसेंबर, सोमवार

आज झोपलाय. भावोजींनी फोन घेतला. "तुमची बहीण दोन दिवस मुक्यासारखी फिरतेय. भांडलात का?" नाही म्हटलं. पुढे विचारावंसं वाटलं, विचारलं नाही.

शाळेच्या मुख्य बाईंना पत्र लिहिलं. सात ओळी. सकाळी भोंगा झाला तर मुलांना आणि लोकांना मैदानात थांबवू नका, टेकाडावर न्या, कारण नंतर सांगते. त्यांचा नंबर आणि पत्ता माझ्याच अहवालात आहे, पान ९१, "संपर्कासाठी". आठ महिन्यांत मी त्यांच्याशी एकदाही बोललेले नाही. आवाजही माहीत नाही.

खाली नाव लिहिलं. खोडलं. परत लिहिलं.

नकाशेवाला मागे येऊन उभा होता, कळलं नाही. त्याने सगळं वाचलं.

"पाठव."

"उद्या दहाला अकरा नंबर उघडतायत. आत काय निघतं ते बघते आणि पुराव्यासकट पाठवते. मग कुणाला उडवून लावता येणार नाही."

तो खुर्चीवर बसला. आकडे वाचून दाखवतो त्याच आवाजात म्हणाला, "म्हणजे उद्याची पहाट वगळली."

मी पत्र बंद केलं. पाठवलं नाही, पुसलंही नाही. संध्याकाळी निघताना सर म्हणाले, "शांत झोपा हो आज." हो म्हटलं.

उद्या दहा वाजता. एकच पहाट मध्ये आहे.

१७ डिसेंबर, मंगळवार

आधी वेळ.

६.५२. ताईचा फोन. मागे भोंगा. "निघालो," एवढंच म्हणाली.

६.५७. पुन्हा ताई. टाकीपाशी पोचले. केंद्रावर पांढरा धूर दिसतोय म्हणते. मागून चिऊचा आवाज, न विचारता – "मावशी, झोपलाय."

विचारलं, वर किती जण आहेत?

"आम्ही तिघंच."

बाकीचे?

"खाली. मी येताना हाका मारल्या गं, पण सगळे फलक बघून उतरले. आधी कुणाला बोलले नाही मी. शपथ घातली होतीस ना. तुझे हात इतके कापत होते… आयुष्यात पहिल्यांदा नाही बोलले कुणाला."

६.५९. शाळेच्या बाईंना फोन लावला आहे. वाजतोय.